चौकटीतली पावती

भिंतीवर एक चौकोन उरला होता. एकावन्न वर्षं तिथं चौकट टांगलेली होती. गेल्या आठवड्यात थोरल्यानं ती उतरवली आणि तिच्यामागचा रंग उघडा पडला. बाकीची भिंत ऊन खाऊन आणि माणसांच्या वावरानं पिवळी पडलेली, आणि मधेच हा कोरा तुकडा, कालच रंग दिल्यासारखा. आजी रोज सकाळी चहा घेताना तिकडं बघायची. आजही बघितलं, कप विसळून पालथा घातला, चष्मा पिशवीत टाकला आणि म्हणाली, "चला. उशीर झाला की रांग वाढते."

"जिना उतरायलाच वीस मिनिटं जाणार," आजोबा म्हणाले.

"म्हणून तर आत्ता म्हणतेय."

तीन मजले. सगळं रामायण या जिन्यानं घडवलं होतं. आजोबांच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी संप पुकारला, आणि तेव्हापासून त्यांनी आपलं काचा-चौकटींचं दुकान नुसतं खिडकीतून बघितलं होतं. खाली उतरायचं म्हणजे एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला आजी, आणि प्रत्येक वळणावर थांबून "जरा हवा बघू" असं म्हणायचं. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की दोघांनी नदीपलीकडच्या वृद्धनिवासात जायचं. सगळं तळमजल्यावर, दारासमोर बाग, आणि जोडप्यांसाठी वेगळ्या खोल्या. फक्त तिथल्या व्यवस्थापिकेला विवाहाचं प्रमाणपत्र हवं होतं. थोरल्यानं चौकटच उचलून नेली. बाईंनी काचेतून वाचलं, पुन्हा वाचलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "हे प्रमाणपत्र नाही हो. ही अर्जाची पावती आहे. तीस दिवसांनी सही करायला या, असं लिहिलंय."

कुणी गेलंच नव्हतं. पावती मिळाली, तिच्यावर छापील मथळा होता, खाली कुणाची तरी झोकदार सही होती. दोघांनाही तेव्हा वाचता येत नव्हतं. झालं लग्न, असं समजून ती चौकटीत घातली आणि भिंतीवर लावली.

खोली चाळीस दिवस राखून ठेवतो, बाई म्हणाल्या होत्या. प्रमाणपत्र आणा. नाहीतर मग पुरुषांचा विभाग वेगळा, बायकांचा वेगळा.

---

नोंदणी कार्यालयात पंखा फिरत होता तो केवळ कर्तव्य म्हणून. लांबट हॉल, एका टोकाला काचेच्या खिडक्या, प्रत्येक खिडकीला बोलायला गोल भोक, आणि दोरीनं बांधलेलं पेन. भिंतीलगत लाकडी बाक. आजी त्यावर बसली आणि तिनं हात टेकला, तर कडेला तीच जुनी खाच लागली. तिच्या लक्षात आलं, बाक तोच आहे. एकावन्न वर्षांपूर्वी त्या दिवशी ती या खाचेत नख घालून बसली होती. एकोणीस वर्षांची. एका बाजूला तिचा थोरला भाऊ, दादा, दुसऱ्या बाजूला हे, हाताला पॉलिशचे डाग पडलेले.

"हं, आता लक्ष द्या," नात अर्ज मांडीवर ठेवून म्हणाली. थोरल्याची ही मुलगी महिन्यापूर्वी नोकरीला लागली होती आणि फॉर्म भरण्यात सगळ्या घराला भारी होती. "वैवाहिक स्थिती. अविवाहित, विधुर, घटस्फोटित. आजोबांचं काय लिहू?"

आजोबांनी थोरल्याकडं बघितलं. थोरल्यानं पंख्याकडं.

"विवाहित लिही," थोरला म्हणाला.

"विवाहित लिहिलं तर लग्न लावून देत नाहीत, बाबा."

"मग अविवाहित लिही."

"पन्नाशीचा मुलगा शेजारी बसलाय आणि अविवाहित," धाकटी म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स होती, रात्रपाळी संपवून तशीच आली होती, आणि झोप झाली नसली की तिची जीभ दुप्पट चालायची.

"हळू बोल की. सगळं ऑफिस ऐकतंय."

"ऐकू दे. दुकानावर पाटी आहे ना, दोन पिढ्यांचा विश्वास. त्याखाली अजून एक ओळ लिहून घे."

आजोबा हसले. थोरला हसला नाही. गेला आठवडाभर तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती चौकट घेऊन फिरत होता, कुणीतरी कधीतरी तिला बघून चूक आमचीच झाली असं म्हणेल या आशेनं. पहिल्या खिडकीवरच्या माणसानं बघितलं होतं आणि म्हणाला होता, "हा अर्ज त्याच वर्षी रद्द झाला. नवीन भरा."

"साक्षीदार," नात पुढं वाचायला लागली. "अर्जदारांना किती वर्षांपासून ओळखता?"

"जन्मापासून," थोरला म्हणाला.

"आकडा हवाय."

"एकोणपन्नास."

"आणि आत्या तू?"

"चव्वेचाळीस," धाकटी म्हणाली. "पण मी सही करणार नाही."

नातीचं पेन थांबलं. थोरल्यानं मान वळवली.

"आई मला स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत नाही करणार," धाकटी म्हणाली. "आई, जरा इकडं ये."

---

हॉलच्या मागं एक बोळवजा जागा होती. तिथं पाण्याचा पिंप आणि मोडक्या खुर्च्यांची रास. धाकटीनं त्यातली बरी खुर्ची ओढली आणि आईला बसवलं. स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. लहानपणी रुसली की अशीच उभी राहायची.

"माझ्याकडं मागची खोली रिकामी आहे, तुला माहितेय."

"माहितेय."

"खिडकीशी टेबल लावून ठेवलंय मी. दिवा आणलाय, वाकवता येतो तो. तुझी पुस्तकं स्वयंपाकघरात डब्यांमागं ठेवतेस, ती तिथं राहतील."

आजीनं मान हलवली. ते टेबल तिनं बघितलं होतं. मागच्या महिन्यात धाकटी चहा करायला गेली तेव्हा ती त्याच्याशी पाच मिनिटं बसली होती, नुसतीच, दोन्ही हात वर ठेवून. उभ्या जन्मात तिच्या मालकीचं टेबल झालं नव्हतं. होतं ते कापायचं टेबल, दुकानातलं, काचेचे कण पडलेलं.

"अप्पांकडं त्या वृद्धनिवासात बघायला माणसं आहेत," धाकटी म्हणाली. "मी स्वतः चौकशी केलीय, चांगली माणसं आहेत. मी रोज जाईन. तू पण जा, हवं तेव्हा. पण राहायलाच पाहिजे असं नाही ना. एकावन्न वर्षं तू त्यांच्या काचा पुसल्यास. सकाळी पुसल्यास, पोटुशी असताना पुसल्यास, मी काखेत असताना पुसल्यास. आता कागदच सांगतोय की तू मोकळी आहेस."

"तुझ्या दादाला काय वाटेल?"

"तो काय, त्याला सगळं चौकोनात बसलेलं लागतं. धंदाच तो." धाकटीनं खाली बघितलं. "आई, तुला कधी कुणी विचारलं होतं का? लग्नाच्या वेळी?"

आजीनं पदर सारखा केला.

विचारलं होतं. म्हणजे त्या कारकुनानं विचारलं होतं, खिडकीतून, मान वर न करता. "मुलीची मर्जी आहे?" आणि तिनं तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "आहे, आहे." कारकुनानं खूण केली. तिनं अंगठा उठवला. एवढंच. त्यात दादाचं काही वाईट नव्हतं. बाप नसलेल्या घरात तो सगळ्यांच्या वतीनं उत्तरं द्यायचा, दूधवाल्यालाही आणि शाळेतल्या बाईंनाही. वादळात त्यांच्या घराची खिडकी फुटली तेव्हा काच बसवायला जो पोरगा आला, तो दादाला कामाचा वाटला. तिनं त्या दिवशी त्याला फक्त काचेच्या कडेला भरायच्या लांबीचे गोळे मळून दिले होते. तो दोनच वाक्यं बोलला होता, एक खिडकीबद्दल आणि दुसरंही खिडकीबद्दलच.

ती त्या वेळी काय म्हणाली असती, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तेवढी एक जागा मनात कोरी राहून गेली होती.

"तू जा बाहेर," ती लेकीला म्हणाली. "मी बघते."

---

या कार्यालयाची आता एक नवी पद्धत होती. अर्ज घेण्याआधी दोघांनाही वेगवेगळं आत बोलवायचे. दार लावायचे. कुणी जबरदस्तीनं आणलेलं नाही ना, एवढं विचारायचं असायचं. आजोबा आधी गेले. पाच मिनिटांनी बाहेर आले ते टोपी हातात घेऊन. आजी उठली तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

आत कारकूनबाई चाळिशीच्या आसपासची, केसात पेन्सिल खोवलेली. "बसा आजी. पाणी हवंय?"

"नको."

"घाबरायचं काही नाही. एकच प्रश्न असतो. हे लग्न तुम्ही तुमच्या स्वतःच्या मर्जीनं करताय का?"

आजीनं तोंड उघडलं आणि शेजारून कुणी उत्तर दिलं नाही. तिला एकदम जाणवलं की हे वाक्य तिचंच आहे, आणि ते कुठं ठेवावं तिला कळेना. म्हणून तिनं नजर वर उचलली.

बाईंच्या मागं भिंतीवर एक चौकट होती. आत छापील कागद, वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नमुना'. खाली विवाह प्रमाणपत्र. दोन सह्या, दोन साक्षीदार, आणि डाव्या कोपऱ्यात निळा गोल शिक्का. लोकांना कागद कसा दिसतो ते दाखवायला टांगलेला.

आजीनं चष्मा काढून घातला, पण कागद वाचायला नाही. तिनं कोपरे बघितले. चारही कोपऱ्यांत, जिथं पट्ट्या जुळतात तिथं, काळ्या लाकडाची केसासारखी बारीक पाचर बसवलेली होती. असं सगळ्या गावात एकच माणूस करायचा. नुसत्या सरसावर त्याचा विश्वास नव्हता.

"ही चौकट कधीची आहे?" तिनं विचारलं.

बाईंनी मागं वळून बघितलं. "कोण जाणे. मी लागले त्याच्या आधीपासून आहे. का हो?"

काच तिनंच पुसली असणार. ही आणि असल्या शेकडो. लग्नाच्या दिवसांत आठवड्याला दहा-दहा प्रमाणपत्रं यायची. आजोबा कागद पुठ्ठ्यावर बसवायचे, ती मऊ फडक्यानं काच पुसायची, उजेडाकडं धरायची, बोट उमटलेलं नाही ना बघायची. प्रत्येकावर निळा गोल शिक्का. तेव्हा अक्षरं येत नव्हती, पण शिक्का दिसायला अक्षरं लागत नाहीत. तिनं कधी आपल्या भिंतीवरच्या कागदाशी ताडून बघितलं नाही, कारण आपला कागद आपला असतो, तो कुणी बघतं का.

पण हे बघणारे होते. कागद आला की हे सगळ्यात आधी समास मोजायचे, शिक्का कुठं येतो ते बघायचे, पट्टीच्या आड जाऊ नये म्हणून.

"बाई, त्यांना जरा आत बोलवाल?"

"खरं तर एकेकालाच..."

"मी पळून चाललेली नाही. एकच विचारायचंय."

नियम कुठं वाकवायचा हे कळण्याइतकी वर्षं कारकूनबाईंनी नोकरी केली होती. त्या उठल्या आणि आजोबांना आत घेऊन आल्या. त्यांना खुर्चीत बसायलाच मिनिट गेलं.

"अहो, ही चौकट तुमची ना?"

आजोबांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. "हो."

"कधी केलीत?"

"थोरला सहा महिन्यांचा होता. दुकानाचं तिसरं वर्ष."

"तेव्हाच कळलं ना तुम्हाला?"

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. ती घसरली, त्यांनी उचलली नाही. "त्याच्या आधीच. एक जोडपं आलं होतं, तिचा पाय मोडलेला होता, तो तिला पाठुंगळी घेऊन आला होता. त्यांचा कागद बसवला. शिक्का बघितला. घरी येऊन आपला बघितला, त्यावर नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार. म्हटलं, एखाद्या दिवशी जाऊ आणि सही करून टाकू. आणि मग मनात आलं, इथं आलो की तो माणूस परत विचारणार. मर्जी आहे का म्हणून." ते थांबले. "आणि तुझा दादा तोवर दुसऱ्या गावी गेला होता. उत्तर तुलाच द्यावं लागलं असतं."

"मग?"

"तू कधी खोटं बोलत नाहीस."

कारकूनबाई टेबलावरच्या टाचण्या डबीत भरू लागल्या. डबी भरली तशी पुन्हा ओतली.

एकोणपन्नास वर्षं, आजीच्या मनात आलं. दर रविवारी हा माणूस स्टुलावर चढायचा आणि ती चौकट उतरवून पुसायचा. इतर सगळ्या काचा ती पुसायची, ती एक हे पुसायचे. तिला वाटायचं, प्रेमानं पुसतात. प्रेम असेलच. पण आता तिला त्या पाठमोऱ्या माणसाचे खांदे वेगळे आठवले.

"मला आठ वर्षं झाली," ती म्हणाली.

"काय?"

"कळून. दुपारच्या वर्गाला जायला लागले ना, त्या वर्षी. बाईंनी सांगितलं, घरात जे छापील असेल ते वाचा. मी साबणाचं वेष्टण वाचलं, विजेचं बिल वाचलं, मग भिंतीकडं वळले. 'पावती' हा शब्द मला लगेच आला. त्याच आठवड्यात शिकवला होता."

आजोबा तिच्याकडं बघत राहिले. "आणि तू बोलली नाहीस."

"तुम्ही रविवारी इतकं मन लावून पुसायचात. म्हटलं, यांना वाटतंय तसं वाटू दे."

मग आजोबांच्या घशातून एक आवाज आला. आजीला वाटलं ठसका लागला. बघते तर हसत होते, खांदे हलवत, आवाज दाबून. तीही हसायला लागली. बाहेर काचेआड तीन चेहरे एकावर एक आले, थोरल्याचा सगळ्यात वर.

"आजी," कारकूनबाई म्हणाल्या, "मला तरी काहीतरी लिहावं लागेल."

आजीनं डोळे पुसले. टेबल आठवलं. खिडकीशी लावलेलं, दिवा वाकवता येणारा. त्याचा मोह खरा होता, आणि तो तिनं स्वतःपासून लपवला नाही. मग तिला त्या दिवशीची परतीची वाट आठवली. इथून बाहेर पडल्यावर दादा कामावर गेला आणि हा अनोळखी पोरगा आणि ती दोघंच चालत निघाले. कागदाला घडी पडू नये म्हणून त्यानं तो दोन पुठ्ठ्यांच्या मधे धरला होता, तान्हं मूल धरावं तसा. दोन रस्ते ओलांडेपर्यंत गप्प होता. आणि मग म्हणाला, "पट्टी कोणत्या लाकडाची लावू?"

तिला असलं काही कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिनं सगळी वाट विचार केला. दुकानाच्या दाराशी आल्यावरही ठरेना. तिथं कोपऱ्यात तुकडे पडले होते, एक लालसर, एक पिवळा, एक काळपट, एक जवळजवळ पांढरा. तिनं चारही दाखवले. तो हसला नाही, दुसऱ्या कुणी केलं असतं तसं वेड्यात काढलं नाही. चार बाजूंना चार लाकडं लावून त्यानं चौकट केली. आलं-गेलं माणूस विचारायचं, ही अशी का. हे सांगायचे, तशीच हवी होती.

"लिहा," आजी म्हणाली. "नको, थांबा. मी लिहिते. लिहिलेलं चालतं ना?"

"चालतं की."

तिनं पिशवीतून स्वतःचं पेन काढलं. बाईंनी दाखवलेल्या ओळीवर ती वाकली, आणि एकेक अक्षर जागेवर बसवत लिहू लागली. माझ्या मर्जीनं. पुढं थोडी जागा उरली होती, म्हणून तिनं आणखी एक शब्द लिहिला. पहिल्यांदा.

---

धाकटीनं सही केली. करण्याआधी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "टेबल नदीपलीकडं घेऊन येशील का? खोली मोठी आहे. खिडकी आहे."

"दारातून आत जायचं नाही ते."

"तुझा दादा पाय कापून देईल. तुम्ही दोघं मिळून बसवा परत."

"तिथं न्यायला माझ्या टेबलाचे पाय कापायचे," धाकटी म्हणाली, पण थोरल्याकडं बघून म्हणाली, आणि तो आठवड्यात पहिल्यांदा हसला. "स्क्रूनं बसवीन," तो म्हणाला. "कळणार पण नाही."

नातीनं सगळे कागद खिडकीतून आत सरकवले. पलीकडून शिक्क्याचा धप्प आवाज आला आणि एक कागद परत बाहेर आला. छापील मथळा, खाली झोकदार सही.

आजोबांनी तो उचलला. सवयीनं तळहातावर धरला, अंगठा आणि करंगळी ताणून रुंदी मोजली, मग उंची. आजीनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"ही चौकटीत जायची नाही," ती म्हणाली. "ही पावती आहे. तीस दिवसांनी सही करायला या, असं लिहिलंय." तिनं ती नीट घडी घालून पिशवीत ठेवली. घडी पडली, तरी आजोबा काही बोलले नाहीत.

रिक्षातून घरी आल्यावर सगळे जिन्याच्या तोंडाशी थांबले. थोरला हात द्यायला पुढं झाला. आजोबांनी त्याला मानेनंच नको म्हटलं, कठडा धरला आणि दुसरा हात आजीसमोर केला.

पहिल्या वळणावर ते थांबले. "जरा हवा बघू."

"बघा."

"आणि तीस दिवसांनी जो मिळेल, त्याला तर चौकट लागेल."

"लागेल."

"पट्टी कोणत्या लाकडाची लावू?"

आजीनं वर बघितलं. अजून अडीच मजले होते.

"थांबा," ती म्हणाली. "वर पोचेपर्यंत सांगते."